कर भरल्याची आठवण कोणी ठेवायची?

अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याचा, म्हणजे आयआरएसचा, ८६०६ क्रमांकाचा एक छोटासा फॉर्म आहे. भरायला हवा असताना तो भरला नाही तर दंड ५० डॉलर. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर चौघं जेवायला बसली तरी बिल याच्यापुढे जातं. पण याच फॉर्मवरची नोंद राहून गेली, तर एकदा कर भरून झालेल्या पैशावर दुसऱ्यांदा कर लागतो. तो काही हजारांत जाऊ शकतो, आणि लागला हे भल्याभल्यांना कळतही नाही. खात्याकडून नोटीस येत नाही, कारण खात्याच्या लेखी काही चुकलेलंच नसतं. जास्त कर भरणाऱ्याला कोण कशाला पत्र पाठवेल?

अमेरिकेत चांगल्या पगारावर असलेल्या मराठी कुटुंबांत हा फॉर्म आता घरोघरी पोचला आहे. नवराबायको दोघं नोकरीत असली की उत्पन्न रॉथ नावाच्या निवृत्ती खात्याच्या मर्यादेपलीकडे सहज जातं. मग कोणीतरी मित्र ‘बॅकडोअर’ सुचवतो. पैसे भरणं आणि वळवणं दहा मिनिटांत होतं. त्याची नोंद मात्र निवृत्तीपर्यंत, कधी कधी वारसांच्या हाती जाईपर्यंत, सांभाळावी लागते. हा सगळा प्रकार कसा जन्माला आला, फॉर्मवर नेमकं काय होतं, माणसं कुठे अडकतात आणि भारतात परतणाऱ्यांचं काय, याचा हा आढावा.

आधी खात्यांची ओळख. आयआरए म्हणजे ज्याचं त्याचं वैयक्तिक निवृत्ती खातं. ट्रॅडिशनल आयआरएत पैसे भरले की त्या वर्षी वजावट मिळते आणि म्हातारपणी काढताना सगळ्यावर कर लागतो. रॉथ आयआरएत आज वजावट नाही, पण नियम पाळून काढलं तर वाढीसकट सगळं करमुक्त. या दोहोंच्या मधोमध तिसरा प्रकार आहे: ट्रॅडिशनल खात्यातच पैसे भरायचे, पण वजावट न घेता. भरलेल्या मुद्दलावर कर होऊन गेलेला असतो, वाढीवर पुढे लागतो. निव्वळ गुंतवणूक म्हणून हा प्रकार फारसा कामाचा नाही. साध्या खात्यात शेअर घेऊन बसलं तर दीर्घकालीन नफ्यावर सवलतीचा दर तरी मिळतो. इथे तीच वाढ पगारासारखी करपात्र होते. तरीही दरवर्षी लोक असे पैसे भरतात, कारण त्यांना तिथे थांबायचंच नसतं. तिथून रॉथमध्ये जायचं असतं.

ही वाट कोणी आखून बांधलेली नाही. वेगवेगळ्या वर्षांच्या कायद्यांत राहिलेल्या फटी एका रेषेत आल्या आणि वाट झाली. १९७४ साली एरिसा कायद्याने आयआरए आणलं, तेव्हा मर्यादा वर्षाला १,५०० डॉलर होती आणि ते नोकरीत निवृत्तिवेतन नसलेल्यांसाठी होतं. १९८१ मध्ये ते सर्व कमावत्यांना खुलं झालं, मर्यादा २,००० डॉलर. पाच वर्षांनी, १९८६ च्या करसुधारणेत, रेगन सरकारने दर खाली आणले आणि त्या बदल्यात अनेक सवलती छाटल्या. कंपनीची निवृत्ती योजना असलेल्या आणि ठरावीक उत्पन्नापुढच्या माणसाची आयआरए वजावट गेली. एकट्यासाठी ती २५,००० डॉलरपासून कमी होऊ लागायची, दांपत्यासाठी ४०,००० पासून. पण भरण्याचा हक्क काढला नाही. वजावट नको असेल तर खुशाल भरा, असं सांगितलं. इथे करदात्याच्या खात्यात प्रथमच दोन जातींचा पैसा एकत्र आला: कर भरलेला आणि न भरलेला. तो वेगळा दाखवायचा म्हणून ८६०६ आला.

१९९७ मध्ये डेलावेअरचे सिनेटर विल्यम रॉथ यांच्या नावाचं खातं आलं आणि १९९८ पासून ते सुरू झालं. त्यात थेट भरायला उत्पन्नाची मर्यादा होती, आणि जुन्या खात्यातून पैसे वळवायलाही: वर्षाचं उत्पन्न १ लाख डॉलरहून अधिक असेल तर बंदी. या दोन कुंपणांतलं दुसरं २००६ मध्ये बुश यांच्या सहीच्या कायद्याने पाडलं गेलं, अंमल २०१० पासून. कारण मोठं मासलेवाईक होतं. भांडवली नफ्यावरची सवलत लांबवायला पैसे दाखवायचे होते. लोक रॉथमध्ये वळवताना कर भरतील, तो अर्थसंकल्पाच्या हिशेबात जमेला धरता येत होता. पुढच्या तीस वर्षांत त्या वाढीवरचा कर बुडणार, हे हिशेबाच्या खिडकीबाहेर राहिलं. पहिलं कुंपण मात्र तसंच उभं ठेवलं. म्हणजे श्रीमंताला रॉथमध्ये थेट भरायला मनाई, पण शेजारच्या खात्यात भरून दुसऱ्या दिवशी तिकडे वळवायला परवानगी. २०२५ साठी एकट्या माणसाचा थेट भरण्याचा हक्क १,५०,००० डॉलरपासून कमी होत १,६५,००० ला संपतो. एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या दांपत्याचा २,३६,००० पासून २,४६,००० पर्यंत. त्यापुढच्यांसाठी मागचं दार.

हे दार कायदेशीर आहे का, या शंकेने बरीच वर्षं सल्लागार बिचकत असत. दोन पावलांचा व्यवहार एकच समजून तो थेट भरणा ठरवला तर काय, असा प्रश्न होता. म्हणून काही जण भरणं आणि वळवणं यांत महिनोन्महिने जाऊ द्यायचे. २०१७ च्या करकायद्याबरोबरच्या संसदीय समितीच्या अहवालात, तळटीपेत का होईना, हा मार्ग उपलब्ध असल्याचं मान्य केलं गेलं आणि ती भीती बहुतेक ओसरली. तळटीपेवर उभी असलेली करसवलत ही जगातल्या फार थोड्या देशांना परवडेल.

आता फॉर्मच जवळून पाहू, कारण खरी गोष्ट त्याच्या ओळींत आहे. न्यू जर्सीतलं एक काल्पनिक दांपत्य घ्या, दोघंही पन्नाशीच्या आतली. २०२५ ची मर्यादा माणशी ७,००० डॉलर. पन्नास किंवा त्याहून अधिक वय असेल तर ८,०००. (२०२६ साठी ती ७,५०० झाली.) पतीने मार्चमध्ये ७,००० डॉलर ट्रॅडिशनल आयआरएत भरले आणि दोन दिवसांनी तेवढेच रॉथमध्ये वळवले. पत्नीनेही तेच केलं, पण पैसे काही आठवडे पडून राहिले, १२ डॉलर व्याज आलं आणि तिने ७,०१२ वळवले. फरक इतकाच, की पतीच्या नावावर जुन्या कंपनीच्या ४०१(के) निवृत्ती योजनेतून आणलेले पैसे दुसऱ्या एका ट्रॅडिशनल आयआरएत होते. वर्षअखेर ते ९३,००० डॉलर होते.

फॉर्म प्रत्येकाचा स्वतंत्र. संयुक्त विवरणपत्र भरलं तरी आयआरए संयुक्त नसतं, म्हणून ८६०६ दोन लागतात. पतीच्या फॉर्मवर पहिल्या ओळीत ७,०००. दुसऱ्या ओळीत मागच्या वर्षांतला कर भरलेला शिल्लक पैसा, ज्याला बेसिस म्हणतात, तो शून्य. सहाव्या ओळीत ३१ डिसेंबरला सर्व ट्रॅडिशनल, सेप आणि सिम्पल आयआरए खात्यांत मिळून किती आहे ते: ९३,०००. आठव्या ओळीत वळवलेले ७,०००. नवव्यात बेरीज, १,००,०००. दहाव्या ओळीत भागाकार: ७,००० भागिले १,००,०००, म्हणजे ०.०७०. अकराव्या ओळीत ७,००० गुणिले ०.०७०, म्हणजे ४९०. वळवलेल्या ७,००० पैकी फक्त ४९० डॉलर करमुक्त. उरलेले ६,५१० त्याच्या उत्पन्नात धरले जाणार. आणि चौदाव्या ओळीत ६,५१० हाच आकडा बेसिस म्हणून पुढच्या वर्षी जाणार.

पतीचं म्हणणं असतं, की मी ते ७,००० वेगळ्याच कंपनीत, वेगळ्याच खात्यात ठेवले होते. जुन्या ९३,००० ला हातही लावला नाही. आयआरएस ऐकत नाही. कायद्याच्या दृष्टीने एका माणसाची सगळी ट्रॅडिशनल खाती म्हणजे एकच भांडं, आणि इथे राजहंसाचा नीरक्षीरविवेक चालत नाही. ज्या प्रमाणात मिसळलं आहे त्याच प्रमाणात बाहेर येणार. मला हा नियम योग्यच वाटतो. नाहीतर प्रत्येक जण कर भरलेला पैसा आधी काढेल आणि न भरलेला शेवटपर्यंत वाढवत बसेल. तक्रार नियमाबद्दल नाही, तो कळण्याच्या वेळेबद्दल आहे: बहुतेकांना तो वळवून झाल्यावर, पुढच्या मार्चमध्ये, सॉफ्टवेअरच्या पडद्यावर कळतो.

पत्नीचा हिशेब सरळ. सहावी ओळ शून्य, आठवी ७,०१२, भागाकार ७,००० भागिले ७,०१२. इथे एक बारीक मौज आहे. फॉर्म सांगतो, की दशांश किमान तीन स्थळांपर्यंत घ्या. तीनच घेतले तर ०.९९८ येतो, करमुक्त भाग ६,९९८ होतो, करपात्र १४ डॉलर आणि चौदाव्या ओळीत २ डॉलर बेसिस उरतो. पाच स्थळं घेतली तर बरोबर ७,०००, करपात्र १२ आणि शिल्लक शून्य. दोन डॉलरांनी कोणी मरत नाही. पण एकदा चौदाव्या ओळीत २ आले की पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या ओळीत ते आलेच पाहिजेत, आणि तिथून पुढे दरवर्षी. कितीतरी जणांच्या फॉर्मवर अशी चिल्लर वर्षानुवर्षं फिरत असते आणि त्यांना ती कुठून आली ते आठवत नाही.

पतीची सुटका होऊ शकली असती. कंपनीची सध्याची ४०१(के) योजना बाहेरून पैसे घेत असेल, तर आयआरएतले ९३,००० तिथे हलवता येतात. ४०१(के) सहाव्या ओळीत धरत नाहीत. शिवाय तिथे फक्त कर न भरलेला पैसाच जाऊ शकतो, त्यामुळे कर भरलेला मागे उरतो आणि तो वळवला की कर जवळजवळ शून्य. स्वतःचा सल्लागाराचा धंदा करणाऱ्यांनी सेप आयआरए उघडलेलं असतं, त्यांची गाठही इथेच बसते. एकट्याची ४०१(के) उघडून पैसे तिकडे नेणं हा त्यांचा नेहमीचा उपाय. सगळं ३१ डिसेंबरच्या आत व्हायला हवं, कारण सहावी ओळ त्या एका दिवसाचं छायाचित्र मागते.

आणि तोच दिवस उलटही फिरतो. जानेवारीत कोणी अगदी स्वच्छपणे ७,००० वळवले, खात्यात मागे काही नाही. ऑगस्टमध्ये नोकरी बदलली आणि जुन्या कंपनीची ४०१(के) उचलून आयआरएत आणली, कारण गुंतवणूक कंपनीचा दूरध्वनी करणारा माणूस तसं सुचवत होता. ३१ डिसेंबरला सहाव्या ओळीत दीड लाख. जानेवारीचा स्वच्छ व्यवहार मागे जाऊन बिघडला. नोकरकपातीच्या काळात हा अपघात पुष्कळांचा होतो. व्हिसाचे साठ दिवस मोजणाऱ्या माणसाला सहाव्या ओळीची आठवण कोण करून देणार?

दुसरा मोठा गोंधळ वर्षांचा. भरणा मागच्या वर्षासाठी १५ एप्रिलपर्यंत करता येतो. वळवणं मात्र ज्या कॅलेंडर वर्षात झालं त्याच वर्षाचं. समजा कोणी मार्च २०२६ मध्ये ‘२०२५ साठी’ म्हणून ७,००० भरले आणि लगेच वळवले. २०२५ च्या ८६०६ वर फक्त पहिल्या तीन ओळी आणि चौदावी: ७,००० बेसिस, बस. वळवण्याची नोंद २०२६ च्या फॉर्मवर, जो २०२७ च्या वसंतात भरला जाणार. तिथे दुसऱ्या ओळीत हे ७,००० आले नाहीत, तर सगळे ७,००० करपात्र. वर्षभराची ही दरी आणि मधे बदललेला करसल्लागार किंवा बदललेलं सॉफ्टवेअर, एवढं पुरतं.

कागदपत्रं या गोंधळात मदत करत नाहीत, उलट भर घालतात. जानेवारीत गुंतवणूक कंपनी १०९९-आर पाठवते. त्यावर पहिल्या चौकटीत ७,०००, आणि करपात्र रकमेच्या चौकटीतही ७,०००! शेजारी ‘करपात्र रक्कम निश्चित केलेली नाही’ अशी एक बारीक खूण असते, जी कोणी वाचत नाही. कंपनीला तुमचा बेसिस ठाऊक नसतो, म्हणून ती असंच पाठवते, आणि तिचं तसं चुकतही नाही. ती प्रत आयआरएसकडेही जाते. तुम्ही ८६०६ जोडलात तर मुख्य विवरणपत्राच्या ४ए ओळीत ७,००० आणि ४बी मध्ये शून्य किंवा थोडे डॉलर येतात. नाही जोडलात तर ४बी मध्येही ७,०००. भरणा झाल्याचा पुरावा असलेला ५४९८ हा कागद तर मे महिन्याच्या अखेरीस येतो, म्हणजे विवरणपत्राची मुदत उलटून सहा आठवड्यांनी.

सॉफ्टवेअरवर विवरणपत्र भरणाऱ्यांना आणखी एक झटका मिळतो. उत्पन्नाच्या भागात १०९९-आर टाकताच वरचा परताव्याचा आकडा धाडकन खाली येतो. भरण्याची नोंद त्याच सॉफ्टवेअरमध्ये बऱ्याच पुढे, वजावटींच्या भागात, असते. ‘आपल्याला तर वजावट नाहीच’ म्हणून लोक तो भाग ओलांडून जातात. तिथे जाऊन ‘ट्रॅडिशनल आयआरएत भरले, वजावट नको’ असं सांगितल्यावरच आकडा पुन्हा वर येतो. शेवटी छापलेल्या पानांत ८६०६ आहे ना, आणि त्याची चौदावी ओळ अपेक्षेप्रमाणे आहे ना, हे बघितल्याशिवाय ‘पाठवा’ ही कळ दाबू नये.

थेट रॉथमध्ये भरून नंतर ‘अरे, उत्पन्न जास्त झालं’ असं कळणारेही पुष्कळ. दिवाळीनंतरचा बोनस किंवा कंपनीचे शेअर हाती पडले की मर्यादा ओलांडली जाते. तो भरणा ट्रॅडिशनल म्हणून पुनर्वर्गीकृत करता येतो. विवरणपत्र वेळेत भरलं असेल तर १५ ऑक्टोबरपर्यंत मुभा आहे, आणि मग तिथून पुन्हा वळवता येतं. काहीच न करता तो तसाच ठेवला, तर जास्तीच्या रकमेवर दरवर्षी ६ टक्के दंडकर. मात्र एकदा वळवलेले पैसे परत फिरवण्याची सोय २०१८ पासून बंद झाली आहे. पूर्वी लोक जानेवारीत वळवत आणि बाजार पडला की ते रद्द करत; तो खेळ संपला.

राहून गेलेल्या फॉर्मांचं काय? इथे आयआरएस आश्चर्यकारकरीत्या उदार आहे. ८६०६ एकटा, विवरणपत्राशिवाय, सही करून पोस्टाने पाठवता येतो. ज्या वर्षाचा आहे त्या वर्षाचाच छापील फॉर्म वापरायचा. उशिराचं सबळ कारण सांगितलं तर ५० डॉलरचा दंडही माफ होऊ शकतो. (वजावट न घेतलेली रक्कम फुगवून दाखवली तर दंड १०० डॉलर.) ज्या वर्षी वळवलेल्या पैशावर चुकून कर भरला, त्या वर्षाचं सुधारित विवरणपत्र मात्र साधारण तीन वर्षांच्या आत जायला हवं, नाहीतर परतावा गेला. बेसिसला अशी कालमर्यादा नाही. तो १९८७ सालचा असला तरी पुराव्यासह आजही उभा करता येतो.

पुराव्यासह. माझा मुख्य आक्षेप इथे आहे. साध्या विवरणपत्राचे कागद तीन वर्षं ठेवा असं सांगतात. ८६०६, ५४९८ आणि १०९९-आर मात्र आयआरएतला शेवटचा डॉलर बाहेर येईपर्यंत ठेवायचे. पस्तिशीत भरणाऱ्यासाठी ती पन्नास वर्षं होऊ शकतात. तो वारला तर बेसिस वारसाकडे जातो आणि वारसाने स्वतंत्र ८६०६ भरायचा, जुन्या फॉर्मवरून. हे सगळे कागद आयआरएसकडेही येतात: भरल्याचा ५४९८, काढल्याचा १०९९-आर, आधीचा ८६०६. चौथीच्या पोराला जमेल एवढी वजाबाकी करून बेसिस करदात्याला दाखवणं खात्याला अशक्य नाही. पण कर घ्यायचा त्याची आठवण खात्याने ठेवायची आणि घेतलेल्या कराची आठवण तुम्ही, अशी ही वाटणी आहे. दंड नगण्य का आहे, हेही त्यातून उलगडतं. फॉर्म न भरल्याने नुकसान होतं ते बहुतेक वेळा करदात्याचं, सरकारचं नव्हे.

बॅकडोअर असावंच का, हा प्रश्न २०२१ मध्ये संसदेत आला होता. त्या जूनमध्ये प्रोपब्लिका या संस्थेने पेपॅलचे एक संस्थापक पीटर थील यांच्या रॉथ खात्याची बातमी दिली: १९९९ मध्ये दोन हजारांहून कमी डॉलरांनी सुरू झालेलं खातं २०१९ पर्यंत ५ अब्जांवर. ते पैसे मागच्या दाराने आलेच नव्हते. १९९९ मध्ये त्यांचं उत्पन्न मर्यादेत होतं आणि खात्यात पेपॅलचे संस्थापकाचे शेअर कवडीमोलाने घेतले होते. पण राग रॉथवर निघाला. त्या नोव्हेंबरमध्ये प्रतिनिधीगृहाने मंजूर केलेल्या विधेयकात कर भरलेला पैसा रॉथमध्ये वळवण्यावर सरळ बंदी होती. सिनेटमध्ये विधेयक अडकलं आणि दार उघडंच राहिलं. अब्जाधीशाच्या निमित्ताने बंद होऊ घातलं होतं ते सॉफ्टवेअर इंजिनियरचं सात हजारांचं दार. माझं मत विचाराल तर, सरळ उत्पन्नाची मर्यादाच काढून टाकावी. जे दार सर्वांना मोकळं आहे त्यासाठी मागच्या अंगणातून चार ओळींचा भागाकार करत यायला लावणं यात धोरण काही नाही, नुसती कारकुनी आहे.

मोठ्या रकमा वळवणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. जुन्या, कर न भरलेल्या ट्रॅडिशनल खात्यातून दरवर्षी थोडं थोडं रॉथमध्ये नेणाऱ्यांना २०१८ पासून एकच घोषवाक्य ऐकवलं जात होतं: २०२६ मध्ये दर वाढणार, आधी उरका. जुलै २०२५ च्या कायद्याने तेच दर कायम केले आणि ती घाई निराधार ठरली. उरलेला हिशेब वैयक्तिक आहे: वळवलेला करपात्र पैसा उत्पन्न वाढवतो, त्याने आरोग्यविम्याचं अनुदान कमी होऊ शकतं, मेडिकेअर घेणाऱ्यांचा हप्ता दोन वर्षांनी चढू शकतो. आणि वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर वळवलेल्या प्रत्येक करपात्र रकमेचं पाच वर्षांचं स्वतंत्र घड्याळ चालू होतं; त्याआधी काढली तर १० टक्के दंड.

राज्यांचा कर या सगळ्यात विसरला जातो. न्यू जर्सीत मराठी वस्ती मोठी, आणि हे राज्य आयआरएच्या भरण्याला मुळी वजावटच देत नाही. म्हणजे केंद्राच्या विवरणपत्रात ज्या पैशावर वजावट घेतली, तोही न्यू जर्सीच्या दृष्टीने कर भरलेला. ४०१(के) मधून आलेला मात्र तसा नाही. परिणामी एकाच खात्याचे दोन बेसिस, एक वॉशिंग्टनचा आणि एक ट्रेंटनचा, दोन्ही वेगळ्या कागदांवर सांभाळायचे. टेक्सासला गेलेल्याची यातून सुटका, कारण तिथे राज्याचा प्राप्तिकरच नाही.

आणि पुण्याला किंवा ठाण्याला परत जायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी रॉथकडे वेगळ्या डोळ्यांनी बघायला हवं. भारतात परतल्यावर सुरुवातीची दोनेक वर्षं बहुतेकांना ‘निवासी पण सामान्य निवासी नाही’ हा दर्जा मिळतो आणि परदेशातल्या उत्पन्नावर इथे कर लागत नाही. त्यानंतर जगभरचं उत्पन्न भारतात करपात्र. अमेरिका निवृत्ती खात्यातल्या वाढीवर काढताना कर लावते, भारत दरवर्षी लावू पाहतो. ही विसंगती मिटवायला २०२१ च्या वित्त कायद्याने तेव्हाच्या, १९६१ च्या, प्राप्तिकर कायद्यात कलम ८९ए घातलं. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन यांच्या निवृत्ती खात्यांसाठी ठरलेला फॉर्म (त्या कायद्यात १०-ईई) भरून पर्याय घेतला, की भारतही ते उत्पन्न तिकडे करपात्र होईल त्याच वर्षी धरतो. जुन्या ट्रॅडिशनल आयआरए किंवा ४०१(के) साठी ही चांगली सोय आहे.

पण त्या कलमातली व्याख्या वाचली तर खातं असं हवं, की ज्याच्या उत्पन्नावर तिकडे जमा होताना कर नाही, पण काढताना आहे. रॉथमध्ये नियमानुसार काढताना करच नसतो. शब्दशः वाचलं तर रॉथ या कलमात बसत नाही, आणि त्यातल्या दरवर्षीच्या लाभांशावर आणि नफ्यावर भारतात कर मागता येतो. शिवाय अमेरिकेत कर न भरल्यामुळे त्याचं श्रेयही मिळणार नाही. अमेरिकेत कर भरून, ८६०६ च्या चौदा ओळी नीट सांभाळून करमुक्त केलेला पैसा, पुण्यात येऊन पुन्हा करपात्र होण्याची ही शक्यता आहे. म्हणून ज्यांचं परतणं पाच-सात वर्षांत ठरलेलं आहे, त्यांना दरवर्षी डोळे मिटून बॅकडोअर करण्याचा सल्ला मी देणार नाही. जे रॉथ आधीच आहे, ते परतल्यावरच्या सवलतीच्या वर्षांत काढून घ्यायचं की ठेवायचं, हे दोन्ही देशांचा कर जाणणाऱ्या सीएबरोबर विमानाचं तिकीट काढण्याआधी बसून ठरवावं. ठेवलं तर ते भारतीय विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या अनुसूचीत दरवर्षी दाखवावं लागतं. न दाखवल्यास १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. आणि पर्यायाचा तो फॉर्म भरताना एवढं ध्यानात ठेवावं, की एखाद्या खात्यासाठी पर्याय एकदा घेतला की तो पुढच्या सगळ्या वर्षांना लागू होतो, मागे घेता येत नाही.